झिरो कुठे लावलास

"नावापुढे काहीतरी घाला. मोकळं बरं दिसत नाही," आत्या म्हणाली.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातात कॉफीचे तीन टंबलर. हॉलमध्ये अप्पा फोनवर कार्डाचं प्रूफ मोठं करून बघत होते. तुझ्या तेराव्याच्या बोलावण्याचं कार्ड. वर तुझं नाव, खाली आम्हा सगळ्यांची. अप्पांच्या नावापुढे बी.कॉम., आत्याच्या यजमानांच्या पुढे एम.ए., बी.एड., माझ्या मेव्हण्याच्या पुढे एम.एस., आणि माझ्यापुढेसुद्धा बी.टेक. चेन्नईत कार्ड छापायचं म्हणजे असंच. लग्नाचं असो की तेराव्याचं, माणूस डिग्रीसकट छापला जातो. फक्त तुझ्या नावापुढे काही नव्हतं, आणि कार्डावर सगळ्यांच्या वर तूच होतास.

"डी.एम.ई. घालतो," अप्पा म्हणाले. "मेकॅनिकलचा डिप्लोमा. मागच्या वेळी घातलं होतं तेच."

मागच्या वेळी काय झालं ते आत्याला आठवलं असणार, कारण तिने मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं. मलाही आठवलं. काका, तुला जाऊन आठ दिवस झाले होते, आणि तू स्वतःच्या हाताने खोडलेला डिप्लोमा तुझ्या नावाला परत चिकटत होता.

मी कॉफी ठेवली आणि आत गेले. मी नेहमी तेच करते, तुला माहीत आहे.

हे मी मराठीत लिहितेय याचं तुला हसू आलं असतं. आपल्या घरची मराठी तंजावरची, निम्मी तमिळ; ऑफिसातली पुण्याची ऋचा ती पहिल्यांदा ऐकून म्हणाली होती की तुम्ही लोक जुन्या पोथीतून उठून आल्यासारखे बोलता. देवनागरी मी शाळेत हिंदीच्या तासाला शिकले. हा मजकूर ऋचाने दुरुस्त करून दिलाय, त्यामुळे यात आपले घरचे शब्द थोडेच उरलेत. इंग्रजीत लिहिलं असतं तर एका बैठकीत झालं असतं. पण इंग्रजीत मी तुझ्याशी आयुष्यात एकच वाक्य बोलले, आणि तेच मला परत घ्यायचं आहे.

आधी कार्डाचं सांगते, कारण घरात ती गोष्ट आता कुणी सांगणार नाही.

माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नात अप्पांनी वाटायला म्हणून तुला कार्डांचा एक गठ्ठा दिला. काकामंडळींच्या यादीत तुझ्या नावापुढे डी.एम.ई. छापलं होतं, तू कधीच न केलेला डिप्लोमा. तू गठ्ठा घेऊन अंबत्तूरला गेलास, आपल्या लेथच्या पट्टरैत. (ऋचा म्हणते इथे 'वर्कशॉप' लिही. मी नाही लिहिणार. या शहरात लेथ असतो त्या जागेला पट्टरैच म्हणतात, आणि तूही तेच म्हणायचास.) मी त्या शनिवारी तिथे होते. तू हात धुतलेस, स्टीलची पट्टी घेतलीस, आणि एकेका कार्डावर पट्टी ठेवून डी.एम.ई.वर सरळ रेघ मारलीस. वर बारीक अक्षरात लिहिलंस, टर्नर. सगळ्या कार्डांवर. रेघ एकाही कार्डावर तिरकी गेली नाही.

अप्पांना कळलं तेव्हा ते आपल्या दारात उभे राहून म्हणाले की तू भर लग्नात घराची अब्रू काढलीस. तू चप्पल काढत होतास. वर न बघता म्हणालास, "अण्णा, दुसऱ्याचा शर्ट घालून लग्नाला येऊ का? खांद्यात बसत नाही तो."

लग्नाचे दोन दिवस अप्पा तुझ्याशी बोलले नाहीत. आणि नवऱ्या मुलाचे एक मामा, कुठल्याशा मोठ्या कंपनीतून चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले, कार्डावरचं ते खोडलेलं बघून तुला शोधत आले. तुम्ही दोघं मांडवाच्या मागे खुर्च्या टाकून जाड शाफ्टवर आटे कसे पाडायचे यावर बोलत बसलात. पंगती उठल्या. मामांना शेवटी वाढप्यांबरोबर बसून जेवावं लागलं, आणि ते फार खूश होते.

आता हॉलमध्ये दुसरीच गोष्ट चालू आहे. तुला नेलं त्या संध्याकाळपासून येणाऱ्या प्रत्येकाला अप्पा ती सांगतात. आजोबांना एकाच मुलाला कॉलेजात घालणं शक्य होतं, म्हणून धाकट्याने आपणहून मागे पाऊल घेतलं, आयटीआयला गेला, आणि आयुष्यभर हात काळे केले. ऐकणारा "पावम" म्हणतो, म्हणजे बिचारा. अप्पांचे डोळे भरतात. ते खरंच भरतात, काका. ते खोटं रडत नाहीत. ही गोष्ट त्यांनी इतकी वर्षं उराशी धरलीय की त्यांना ती सोडवत नाही.

तू ती गोष्ट दर वेळी मोडायचास. "कुणासाठी गेलो नाही. मला जायचं होतं." दहावीच्या सुट्टीत तू कुणाबरोबर तरी एका पट्टरैत गेलास आणि लेथवर लोखंडाची साल निघताना पाहिलीस. कुरळी, निळी पडलेली, इतकी गरम की जमिनीवर पडून तडतडत होती. तू मला सांगितलं होतंस की त्या दिवशी घरी येताना बसचं तिकीट काढायलाही विसरलास. त्यात त्याग कुठे होता? तू तर पळत गेला होतास.

अप्पांना हे कधी ऐकू आलं नाही. भावाने आपल्यासाठी काही सोडलं नाही, त्याला हवं ते त्याने केलं, हे मानलं तर अप्पांना स्वतःच्या बी.कॉम.कडे आणि बत्तीस वर्षांच्या टेबलाकडे नीट बघावं लागलं असतं. हे मी त्यांना कधी म्हटलं नाही. इथे लिहितेय, आणि ते वाचतील याची मला भीती वाटत नाही असं नाही.

आता माझ्यावर येते.

सिरुसेरीच्या ऑफिसात मी काय काम करते ते तू सगळ्यांना सांगायचास: "आमच्या मॅडम कॉम्प्युटरवर पोरांची भविष्यं काढतात." तू मला मॅडम म्हणायचास, इंग्लिश शाळेत गेल्या दिवसापासून. भविष्य हा शब्द तसा फार चुकीचाही नव्हता. आमचं ॲप दहावी-बारावीच्या मुलांच्या आईबापांसाठी आहे. कुठला अभ्यासक्रम घेतला तर पोरगं पुढे किती कमावेल, ते दाखवतं. त्यात एका पडद्यावर दोन रेषा आहेत. नारिंगी रेषा आयटीआयची, निळी डिग्रीची. नारिंगी जरा वर सुरू होते, थोडी चढते आणि मग आडवी पडते. निळी खालून येते, तिला ओलांडते, आणि वर जातच राहते. आईबाप तिथे बोट थांबवतात. तो पडदा मी केलाय. माझ्या वरच्या साहेबांना तो फार आवडला होता. मलाही.

मार्चमधल्या एका रविवारी मी तो तुला पट्टरैत दाखवला. का दाखवला? तू शाबास म्हणशील म्हणून. मला दुसरं कारण आठवत नाही.

तू कपाळावरचा चष्मा खाली ओढलास, फोन हातभर लांब धरलास, आणि खूप वेळ बघितलंस. मग विचारलंस, "झिरो कुठे लावलास?"

मला कळलं नाही. तू फोन ठेवलास आणि मायक्रोमीटर घेतलास. मी आठ वर्षांची असताना तूच तो माझ्या हातात दिला होतास आणि माझ्या वेणीतल्या एका केसाची जाडी मोजायला लावली होतीस. आता पुन्हा लहान मुलीला सांगावं तसं सांगितलंस. काहीही मोजायच्या आधी जबडे मिटवायचे आणि बघायचं, झिरो झिरोवर आहे का. नसेल तर प्रत्येक माप तेवढंच चुकतं. "आणि गंमत काय माहिताय? सगळी मापं एकमेकांशी जुळतात. म्हणून शंकाच येत नाही. माल गेल्यावर कळतं, तिकडे बसत नाही तेव्हा."

मग तू विचारत गेलास.

डिग्रीवाल्याचं पहिलं वर्ष म्हणजे त्याचं वय काय? मी म्हटलं, बावीस. आणि टर्नरचं? अठरा, एकोणीस. मग तुझ्या चित्रात दोघं एकाच रेघेवर उभे कसे? मी सांगितलं की आम्ही नोकरीच्या पहिल्या वर्षापासून मोजतो, दोघांचं पहिलं वर्ष एकाखाली एक येतं. तू म्हणालास, "म्हणजे तो कॉलेजात बसून बापाचे पैसे भरत होता, तेव्हा मी घरी पगार आणत होतो. ती वर्षं तू कापून टाकलीस."

मी म्हटलं, तेवढ्याने शेवट बदलत नाही.

"बरं. आणि मी कुठे आहे यात?"

हे विचारायला नको होतंस, काका. माझ्याकडे खरं उत्तर होतं. आमच्याकडे लोक स्वतःची माहिती भरतात. पगाराची पावती असेल तर नोकरी, नाहीतर यादीतलं शेवटचं 'इतर'. ज्याची स्वतःची पट्टरै आहे, जो घरोघरी एसी दुरुस्त करतो, जिने शिवणाचा कोर्स करून चार मशिनं टाकली, ते सगळे इतर. आणि 'इतर' मी गाळले होते. एका ओळीच्या अटीने. ते घेतले की रेषा वेडीवाकडी व्हायची.

मी हे तुला सांगितलं. तू इतका हसलास की पलीकडच्या शेडमधला वेल्डर डोकावला. तू त्याला तमिळमध्ये सांगितलंस की आमच्या मॅडमने मला गाळलंय, माझ्यामुळे रेघ वाकडी येते. तोही हसला. मला राग आला. मला चारचौघांत हसलेलं सहन होत नाही, आणि तो तर अनोळखी माणूस होता. म्हणून मी ते वाक्य बोलले, इंग्रजीत, शाळेतल्या आवाजात. यू आर ॲन आउटलायर, काका.

तू अर्थ विचारलास. मी म्हटलं, अपवाद.

तू हसायचा थांबलास. म्हणालास, "अपवाद म्हणजे ज्याला मोजायचं नाही तो." मग लेथ सुरू केलास. थोड्या वेळाने पट्टा थांबवून, माझ्याकडे पाठ करूनच, आणखी एक वाक्य बोललास. "मी खूप कमावलं असं म्हणत नाही, मॅडम. मोजायचं तर पडलेलंही मोज."

तुझं पडलेलं मला माहीत होतं. एन्नोरकडच्या कारखान्याने तुझी पाळी बंद करून तुला घरी बसवलं तेव्हाची दोन वर्षं. नंतर पट्टरै टाकलीस, ती कशीबशी उभी राहिली, आणि पन्नाशीच्या आसपास संगणकावर चालणारी मशिनं शहरभर आली, तेव्हा तुझ्याकडे येणारा माल निम्म्यावर आला. डोळेही त्याच वेळी अधू झाले. माझी आडवी पडलेली नारिंगी रेषा मी काही हवेतून काढली नव्हती. ती तुझ्या अंगावरून गेली होती.

पण ती तिथे संपली नाही. माझा पडदा तिथे संपतो. तू एक्कावन्नाव्या वर्षी संध्याकाळच्या वर्गात जाऊन बसलास, अठरा-अठरा वर्षांच्या मुलांमध्ये. ती तुला तात्ता म्हणायची, आजोबा. तुला मशीन कळायचं, त्याची भाषा कळायची नाही. वही घेऊन घरी यायचास आणि गिरिजा, तेव्हा सातवी-आठवीतली, तुझ्यासमोर मांडी घालून बसायची. आकडा, अक्षर, आकडा. काकी म्हणायची बापलेक जपाला बसलेत. दोन वर्षांनी तू जुनं संगणकी मशीन घेतलंस, आणि त्यावरचा पहिला तुकडा गिरिजेने लिहिलेल्या प्रोग्रॅमवर निघाला. तो तिच्या कंपासपेटीत आहे अजून. दहा दिवस झाले, ती तो मुठीत धरून झोपते.

म्हणून बारावीला इतके चांगले मार्क पडूनही तिने आयटीआयत मशिनिस्टच्या ट्रेडला जायचं म्हटलं, तेव्हा तुला आश्चर्य वाटलं नाही. घरातल्या बाकी अस्क्यांना वाटलं. (हा शब्द ऋचाने 'सगळ्यांना' केला होता. मी परत घातला.) आत्या म्हणाली, एवढ्या मार्कांना आयटीआय म्हणजे सोन्याच्या भांड्यात ताक. तू म्हणालास, ताक चांगलं असेल तर भांडं कशाला बघायचं. फॉर्म तू भरलास, सही तू केलीस. जागा मिळाली. मूळ कागद घेऊन जायचा दिवस येत्या शुक्रवारचा.

तू गेल्या आठवड्यातल्या सोमवारी गेलास.

पाचव्या दिवशी अप्पांनी गिरिजेला जवळ बसवून घेतलं. फार मायेने. म्हणाले, आता तुझी जबाबदारी माझी, तुला मी इंजिनियरिंगला घालणार, फीची काळजी तू करू नकोस. गिरिजा म्हणाली, पेरियप्पा, म्हणजे मोठे काका, बाबाने फॉर्म भरलाय. अप्पांनी खिशातून फोन काढला आणि माझा पडदा उघडला. निळ्या रेषेवर बोट फिरवून म्हणाले, "हे बघ. आपल्या अक्कानेच काढलंय. तिच्यापेक्षा जास्त कुणाला कळतं?"

गिरिजेने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीला टेकून बसले होते. तशीच बसून राहिले. काकीला विचारलं तर ती म्हणाली, भावोजी म्हणतील तसं. तिला त्या दिवशी पाण्याचा पेला कुठे ठेवलाय तेही उमजत नव्हतं.

त्याच दुपारी चेन्नईजवळच्या कोवलमचा आरोग्यम आला. तुझा जुना गिऱ्हाईक, बोटवाला. थेट किनाऱ्यावरून आला होता, अंगाला मासळीचा वास, म्हणून फाटकाच्या आत पाऊल टाकेना. 'लेत् सार', म्हणजे लेथवाले सर, यांचं घर हेच ना, म्हणून विचारलं. त्याला तुझं नावच माहीत नव्हतं. अप्पा बाहेर गेले, त्यांच्यामागे आम्ही. तो म्हणाला, शाफ्ट तुटला की बोट वाळूवर, आणि बोट वाळूवर की घर वाळूवर. सारने एवढ्या वर्षांत एकदाही 'उद्या ये' म्हटलं नाही. मग जरा संकोचून विचारलं, आता पट्टरै कोण बघणार?

"मी," गिरिजा म्हणाली.

अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आरोग्यमला सांगितलं की मुलगी शिकणार आहे. तो बरं म्हणाला. जाताना त्याने फाटकाच्या खांबाला दोन्ही हात लावून डोळ्यांना लावले. तुझ्या नावाची पाटीही तिथे नाही. नुसता खांब.

सहाव्या दिवशी मी लॅपटॉप उघडला. घरात माणसं होती, मी कोपऱ्यात बसले. ती एका ओळीची अट काढून टाकली. 'इतर' सगळे आत घेतले. सुरुवात नोकरीच्या पहिल्या वर्षावरून हलवून अठराव्या वर्षावर आणली, सगळ्यांना एकाच ठिकाणी उभं केलं. जबडे मिटवले, झिरो बघितला. मग चालवून बघितलं.

तुला खरं सांगते. निळी रेषा हरली नाही. आणि नारिंगी रेषा अशी उरलीच नाही. तिच्या जागी एक झुडूप आलं. काही फांद्या निळीच्या खूप वर, काही जमिनीला लागलेल्या, काही पडून पुन्हा उठलेल्या. तुझी त्यात कुठली हे मला सांगता येईना, पण असल्या फांद्या पुष्कळ होत्या. तू अपवाद नव्हतास. माझ्यासाठी गैरसोयीचा होतास, एवढंच.

मी ते वरच्या साहेबांना पाठवलं. ते चांगले आहेत, त्यांनी आधी तुझ्याबद्दल विचारलं. मग म्हणाले, आईबापांना एक उत्तर हवं असतं, झुडूप बघून कोण निर्णय घेईल, नंतर बघू. मी त्यांना लिहिलं की तोपर्यंत जुना पडदा काढून टाका, नाहीतर त्याखाली कोण गाळलंय ते लिहा. तीन वेळा लिहिलं. चौथ्यांदा लिहीन. तोंडाने बोलायला मला जड जातं, लिहायला नाही.

मला अजून एका गोष्टीबद्दल तुझ्याशी बोलायचं होतं. घरात मला सगळे सांगतात, बोल की गं, तोंड आहे ना. शाळेतही तेच, ऑफिसातही तेच. तू कधी म्हणाला नाहीस. रविवारी मी येऊन पट्टरैतल्या लोखंडी स्टुलावर बसायचे, लेथ चालू असायचा, त्या आवाजात कुणालाच बोलता यायचं नाही, आणि दोन तास कसे गेले ते कळायचं नाही. मग तू मशीन थांबवून चहा मागवायचास आणि विचारायचास, "काय म्हणतात मॅडम?" तेव्हा मी बोलायचे. माझ्या आयुष्यात मी जेवढं बोललेय त्यातलं निम्मं त्या स्टुलावर बोललेय. याबद्दल तुला थँक्स म्हणणं राहिलं. सॉरी म्हणणंही राहिलं. मार्चनंतर मी चार रविवार आले नाही, काम आहे असं सांगितलं. काम नव्हतं. पाचव्या रविवारी आले तेव्हा तू स्टुलावरचं तेल पुसून दिलंस. मी तेव्हाच बोलायला हवं होतं.

तर, आठवा दिवस. कॉफी ठेवून मी आत गेले होते. आत गिरिजा तुझ्या कपाटासमोर मूळ कागदांची फाईल मांडीवर घेऊन बसली होती. ती रडत नव्हती. तिने मला विचारलं, अक्का, तू काढलेलं कधी चुकतं का? तिला टोमणा मारायचा नव्हता. तिला खरंच माहिती हवी होती. सतरा-अठरा वर्षांची मुलगी, बाप गेलेला, आणि तिच्या आणि शुक्रवारच्या मध्ये माझ्या दोन रेषा.

हॉलमधून अप्पांचा आवाज आला. छापखान्यातल्या माणसाशी फोनवर बोलत होते. डी.एम.ई., डी फॉर दिल्ली.

मी बाहेर आले. कानात तुझ्या लेथसारखा आवाज होता. खोटं सांगत नाही. मी अप्पांसमोर उभी राहिले. मला अशी उभी बघून आत्यानेच त्यांना खूण केली. अप्पांनी फोनवर हात ठेवला. काय गं?

मी म्हटलं, तो डिप्लोमा काकाने खोडला होता.

अप्पांचा चेहरा पडला. ते रागावले नाहीत, तेच अवघड होतं. म्हणाले, मला माझ्या भावाला मान द्यायचाय. लोक विचारतात. मी त्याच्यासाठी जिवंतपणी काही करू शकलो नाही, निदान कागदावर.

मी म्हटलं, त्याला तुमच्याकडून काही नको होतं, अप्पा. तो तुमच्यासाठी आयटीआयला गेला नव्हता. तो धावत गेला होता.

आत्या "अय्यो" म्हणाली, हळू. काकी दाराशी येऊन उभी राहिली होती.  तीस वर्षं सांभाळलेली गोष्ट मी अप्पांच्या हातातून काढून घेत होते, आणि त्यांच्या हातात दुसरं काही देत नव्हते. मग त्यांनी त्यांचं शेवटचं अस्त्र काढलं. छापखान्याचा फोन अजून चालूच होता, तरी म्हणाले, बरं, त्याचं राहू दे; पण पोरीचं काय? तिच्याही नावापुढे उद्या हेच लिहायचं? तूच तर दाखवलंस तिथे काय मिळतं ते.

माझ्यामागे गिरिजा फाईल घेऊन आली होती. फाईलचं प्लास्टिक करकरलं, म्हणून कळलं.

काका, आवाज मोठा निघाला नाही माझा. पण लेथ बंद होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

"तो ग्राफ मी काढलाय, अप्पा, आणि तो चुकलाय. त्यात मी काकाला गाळलं होतं. कार्डावर गाळायचं नाही. टर्नर घाला. आणि शुक्रवारी गिरिजेबरोबर मी जाणार आहे."